रिव्हर्स कॅमेरा: सेट बदलायचा की वायर शोधायची?

आमच्या कोकणात ‘कॅम्पर’ म्हणजे पुढे दोन रांगा सीट आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप. धाकट्या भावाकडे अशी २०१४ची गाडी आहे. आंब्याच्या दिवसांत पेट्या घेऊन वाशीच्या मार्केटला जाते, एरवी बर्फ, मासळी, सिमेंट, मिळेल ते भाडं. तीन वर्षांपूर्वी त्याने फाळक्यावर कॅमेरा आणि पुढे छोटा स्क्रीन बसवून घेतला होता. मध्यंतरी तो बिघडला. रिव्हर्स टाकला की निळा स्क्रीन आणि ‘नो सिग्नल’. मी दोनदा टोकलं, तर म्हणाला, “भाई, इतकी वर्षं कॅमेऱ्याशिवायच चालवली ना?”

हीच सबब मला घातक वाटते. कॅमेरा नव्हता तेव्हा तो खाली उतरून बघायचा, नाहीतर कुणाला तरी मागे उभं करायचा. तीन वर्षांत ती सवय मोडली. हौद्यात पेट्या आणि वर ताडपत्री असली की आतल्या आरशात काही दिसत नाही, आणि बाजूचे आरसे दाखवतात ते बाजूचंच. त्यामुळे कॅमेरा बंद पडलेली गाडी कधीच कॅमेरा नसलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची, असं माझं मत आहे.

एके दिवशी अस्रनंतर तो अंगणातून गाडी मागे घेत होता. शेजारचा चार वर्षांचा मुलगा फाळक्यामागे बसून गोट्या शोधत होता. अम्मी ओट्यावरून ओरडली म्हणून ब्रेक लागला. अल्लाहची मेहेरबानी, पोराला खरचटलंही नाही. भाऊ मात्र त्या रात्री जेवला नाही.

अमेरिकेत २००२ साली कॅमेरून गुलब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच मागे येणाऱ्या गाडीखाली गेला. गाडी त्याचे वडील चालवत होते, आणि ते स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८मध्ये झाला, पण सगळ्या नव्या मोटारींना कॅमेरा सक्तीचा व्हायला मे २०१८ उजाडला. रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे, अशी तिथली अट आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. भावाची गाडी त्याआधीची. तिच्या कॅमेऱ्याची काळजी त्यानेच करायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने गाडीकडे न बघताच सांगितलं, “पूर्ण सेट बदला, ३८०० रुपये.” भाऊ पैसे काढणार होता. मी त्याला नाक्यावरच्या जुन्या वायरमनकडे नेलं.

मिस्त्रींनी इग्निशन चालू करून रिव्हर्स टाकायला सांगितला आणि मागे जाऊन आधी रिव्हर्सचा दिवा बघितला. कॅमेऱ्याला वीज त्याच लाइनवरून घेतलेली. दिवा लागत नसेल तर फ्यूज, बल्ब किंवा गिअरबॉक्सवरचा स्विच तपासायचा, कॅमेऱ्याला हात कशाला लावायचा? दिवा लागत होता. मग कॅमेरा काढून थेट बॅटरीला जोडला आणि दुसरी केबल टाकून स्क्रीनला लावला. चित्र लख्ख! म्हणजे कॅमेरा ठीक, स्क्रीन ठीक, तुटली होती मधली केबल. फाळक्याच्या बिजागरीपाशी, जिथे ती रोज वाकत होती, तिथे आतली तार तुटली होती आणि जोडावरचं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलं होतं. त्यांनी नवी केबल टाकली, बिजागरीपाशी ढील ठेवली, कडेला रबर बसवलं, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. तासाभराचं काम, सामानासकट ६५० रुपये.

बी.एड.ला आम्हाला निदान चाचणी शिकवली होती. मूल नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा, मग शिकवा. मिस्त्रींचं तेच चाललं होतं, फक्त हातात टेस्ट लॅम्प. माझ्या वर्गातून सुटलेली कितीतरी पोरं आज गॅरेज लाइनला आहेत. त्यांना खोक्यातला नवा सेट बसवता येतो, पण बिघाड शोधायला कुणी शिकवत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. सेट बसवणारा उद्या कुणीही मिळेल.

अर्थात दुरुस्तीचा हट्टही नको. काचेच्या आत पाणी शिरून चित्र धुरकट झालं असेल, किंवा थेट बॅटरीवरही कॅमेरा अंधारच दाखवत असेल, तर तो बदलावाच. नवा घेताना जुन्या स्क्रीनला चालेल ना, हे दुकानातच जोडून बघावं. एचडी कॅमेऱ्याचं चित्र साध्या स्क्रीनवर येत नाही. आणि सर्वांत वाईट तो मधूनमधून चालणारा कॅमेरा, कारण माणूस त्याच्यावर विसंबून राहतो.

भावाच्या गाडीचा कॅमेरा आता चालतो. स्क्रीन मात्र खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर काळा होतो. मिस्त्री म्हणाले, मागचा प्लग ढिला झालाय, घेऊन या. भाऊ म्हणतो, आंब्याचा हंगाम झाला की बघू. मी म्हणतो, हंगामाआधी. या जुम्म्याला मीच गाडी घेऊन जाणार आहे, चावी अम्मीकडे आहे.