हिरवी जर्सी, लाल जर्सी

बंगळुरूला भावाच्या घरी गेले की पहिला मान भाच्याच्या कपाटाचा असतो. पाणी पिऊन होत नाही तोच तो हाताला धरून आत नेतो. शंख-शिंपले, बसची तिकिटे, तुटलेली बॅट असा सगळा खजिना एकदा नजरेखालून घालावा लागतो. त्यात सर्वांत वर, घडी घालून ठेवलेल्या दोन जर्सी असायच्या. एक लाल आणि एक हिरवी.

"एकाच संघाच्या दोन कशाला रे?" मी पहिल्यांदा विचारले होते.

"आत्या, हिरवी झाडांसाठी असते!" त्याने माझ्या अज्ञानाची कीव करत सांगितले होते.

गेल्या खेपेस मात्र लाल जर्सी कुठेच दिसली नाही. मी विचारले, तर तो काही बोलला नाही. वहिनीने डोळ्यांनीच मला गप्प केले आणि रात्री स्वयंपाकघरात सगळे सांगितले. ३ जून २०२५ च्या रात्री रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू हा संघ अहमदाबादला पंजाब किंग्जवर सहा धावांनी मात करून पहिल्यांदाच आयपीएल जिंकला. अठरा वर्षांची वाट संपली होती. दुसऱ्या दिवशी संघ चिन्नास्वामी स्टेडियमवर येणार हे कळताच तेरा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला. वहिनी नाही म्हणाली. तो रुसला, जेवला नाही. संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. स्टेडियमच्या दारांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि अकरा माणसे गेली. त्यांत एक शाळकरी मुलगीही होती.

दुसऱ्या दिवशी त्याने लाल जर्सी स्वतःच माळ्यावरच्या पेटीत ठेवली.

झोपायच्या आधी मात्र त्याने मला गाठले. "आत्या, झाडांबद्दल ते दरवर्षी बोलतात. मग तेव्हा इतके दिवस गप्प का होते?"

वाचकहो, खेळणाऱ्या संघाने सामाजिक प्रश्नांवर जाहीर भूमिका घ्यावी का, यावर मोठमोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. पण या पोराच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला तरी कुठे सापडला नाही.

खेळाडूने फक्त खेळावे?

आपल्याकडे एक वर्ग ठामपणे म्हणतो, की खेळाडूने खेळावे आणि घरी जावे. समाजसुधारणा करायला इतर माणसे आहेत. यात तथ्य नाही असे नाही. सामना बघायला बसलेल्या घरात चार मतांची चार माणसे असतात. तीन तास ती मते बाजूला ठेवून एकाच चेंडूवर श्वास रोखतात. तेवढी एक जागा तरी भांडणाशिवाय असू द्यावी, असे कुणाला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. संघ बोलतो म्हणजे नेमके कोण बोलते? कप्तान, मालक, मंडळ, की अकराही जण? ऑक्टोबर २०२१ मधल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सामन्यापूर्वी गुडघा टेकण्याचा आदेश दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने आपल्या खेळाडूंना दिला. क्विंटन डी कॉकने त्या सामन्यात खेळायचेच नाकारले. नंतर त्याने माफी मागितली आणि तो गुडघा टेकायलाही तयार झाला. कारण कितीही चांगले असले, तरी हुकमाने टेकलेला गुडघा आणि मनाने टेकलेला गुडघा यांत फरक आहे. त्याच स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यापूर्वी आपल्या संघानेही गुडघा टेकला होता. तो निर्णय व्यवस्थापनाने कळवला, असे कप्तान कोहलीने सांगितले.

पण त्याच सामन्यानंतर काय झाले ते आठवा. भारत हरला आणि महंमद शमीवर त्याच्या धर्मावरून शिव्यांचा पाऊस पडला. तेव्हा पुढच्या सामन्याआधी कोहली पत्रकारांसमोर आला आणि कुणाला धर्मावरून लक्ष्य करणे ही सर्वांत हीन गोष्ट आहे, असे स्पष्ट बोलला. गुडघा टेकला तो दूरच्या अन्यायासाठी. शमीसाठी बोलणे हे शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यासाठी होते, आणि ते बोलताना आपल्याच चाहत्यांपैकी काहींचा रोष पत्करावा लागणार होता. या दोहोंपैकी लोकांच्या मनात काय राहिले, हे सांगायला नको.

झाडांचे श्रेय द्यायलाच हवे

आता बंगळुरूच्या हिरव्या जर्सीकडे येऊ. २०११ पासून हा संघ जवळपास दर हंगामात एक सामना हिरव्या जर्सीत खेळत आला आहे. नाणेफेकीच्या वेळी त्यांचा कप्तान प्रतिस्पर्धी कप्तानाला एक रोप देतो. कुणी म्हणेल, हा देखावा आहे. मी तसे म्हणणार नाही. इट्टगलपुरा आणि सादेनहळ्ळी इथल्या तलावांच्या पुनरुज्जीवनालाही या संघाने हात लावला. एके काळी तलावांचे गाव असलेल्या या शहरात ही लहान गोष्ट नव्हे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत पाण्याची भीषण टंचाई झाली. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतल्यास पाच हजारांचा दंड लागू झाला. त्या दिवसांत वहिनी भाज्या धुतलेले पाणी तुळशीला घालत होती. चिन्नास्वामीच्या हिरवळीसाठी तेव्हा प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची व्यवस्था झाली. त्याच स्टेडियमच्या छतावर २०१५ मध्येच सौरऊर्जेच्या पट्ट्या बसवल्या गेल्या होत्या. मुले हे बघतात. 'हिरवी झाडांसाठी असते' हे आमच्या भाच्याला शाळेतल्या निबंधाने शिकवले नाही, या जर्सीने शिकवले.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. झाडे लावू नका, असे कुणी म्हणत नाही. हिरवा रंग घातल्याने एकही प्रायोजक रागावत नाही, एकही तिकीट परत येत नाही. आणि २००८ मध्ये मद्यसम्राट विजय मल्ल्या यांनी संघ घेतला, तेव्हा त्याचे नाव ठेवले गेले ते त्यांच्याच एका व्हिस्कीच्या नावावरून. दारूची थेट जाहिरात टीव्हीवर करता येत नाही. पण ते नाव घराघरांत पोरांच्या छातीवर जाऊन बसले. झाडांवर बोलणाऱ्या संघाला दारूवर बोलणे परवडेल का? जे भूमिका घेतात त्यांना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की यात तुमचे काय जाते?

ज्यांचे काही गेले

हा प्रश्न घेऊन आपल्याच इतिहासाकडे पाहिले की माणसे वेगळी दिसू लागतात.

पाळवणकर बाळू हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. जन्म धारवाडचा, कर्तृत्व पुण्या-मुंबईचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता हा चर्मकार समाजातला मुलगा देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हते, म्हणून त्याला संघात घेतले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे. पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कप्तानपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही.

त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हेही तोलाचे फलंदाज होते. १९२० मध्ये विठ्ठल यांची लायकी असताना कप्तानपद दुसऱ्याला गेले. तेव्हा दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर निवेदनात सांगून टाकले. त्या काळी क्रिकेट हीच त्यांची प्रतिष्ठा होती आणि तीच त्यांनी पणाला लावली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला. जातीविरुद्ध भाषणे देणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण हजारो प्रेक्षकांसमोर सवर्ण खेळाडू एका चर्मकार कप्तानाच्या इशाऱ्यावर जागा बदलतात, हे दृश्य भाषणापेक्षा मोठे होते.

१९७४ मध्ये आपला टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती, वर्णभेदाचे राज्य चालवणारी. भारताने खेळायचे नाकारले आणि चषक त्यांना न खेळताच मिळाला. हा निर्णय संघटनेचा आणि सरकारचा होता, खेळाडूंचा नव्हता. किंमत मात्र विजय आणि आनंद अमृतराजसारख्या खेळाडूंनी मोजली. हाताशी आलेला चषक गेला. तरी पन्नास वर्षांनंतर त्या न खेळलेल्या सामन्याचा अभिमानच वाटतो.

अलीकडचेही सांगते. मे २०२३ मध्ये दिल्लीत आंदोलन करणाऱ्या महिला कुस्तीगीरांना रस्त्यावरून फरफटत नेले गेले. तेव्हा बंगळुरूच्या अनिल कुंबळेने आपली अस्वस्थता बोलून दाखवली. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाने एकत्र निवेदन काढले. पण त्या वेळी खेळत असलेल्या बहुतेक नामांकित क्रिकेटपटूंनी मौन पाळले. ज्यांना गमावण्यासारखे थोडे होते ते बोलले. ज्यांना पुष्कळ होते ते गप्प राहिले. माणसाचा स्वभावच आहे तो. आपणही कचेरीत साहेबांसमोर काही फार वेगळे वागत नाही.

आधी आपले अंगण

म्हणून माझे मत विचाराल तर संघांनी जरूर बोलावे. शहराचे नाव लावता, शहराच्या पोरांच्या छातीवर मिरवता, तर शहराच्या सुखदुःखाशी आमचा संबंध नाही असे कसे म्हणता येईल? फक्त क्रम चुकू नये. आधी आपले अंगण, मग गाव. स्वतःच्या दारात जे घडते त्यावर आधी बोला, तिथे किंमत मोजा, मग जगाला रोप द्या.

राहुल द्रविडचे उदाहरण मला म्हणूनच आवडते. बंगळुरूत वाढलेला हा मराठी घरातला मुलगा. २०१८ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. मंडळाने त्याला पन्नास लाख आणि त्याच्या सहकाऱ्यांना वीस-वीस लाख जाहीर केले. काम सगळ्यांनी सारखे केले, मग हा भेद का, असे त्याने विचारले. अखेर सर्वांना पंचवीस लाख मिळाले. द्रविडचे पंचवीस लाख गेले. समतेवर त्याने जाहीर व्याख्यान दिले नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. संघ अगदीच गप्प होता असे नाही. ४ जूनलाच त्यांनी दुःख व्यक्त केले आणि दुसऱ्या दिवशी मृतांच्या कुटुंबांना दहा-दहा लाखांची मदत जाहीर केली. पण त्यानंतर रोज चाहत्यांशी गप्पा मारणारी त्यांची समाजमाध्यमांवरची पाने जवळपास तीन महिने मुकी झाली. २८ ऑगस्टला ते पुन्हा बोलले. आमचे मौन म्हणजे गैरहजेरी नव्हती, दुःख होते, असा त्या निवेदनाचा आशय होता. दोनच दिवसांनी प्रत्येक कुटुंबाला पंचवीस लाख देण्याचे जाहीर झाले. दोष कुणाचा आणि किती, हे न्यायालये ठरवतील. त्याच वर्षीच्या महिला विश्वचषकाचे सामने मात्र चिन्नास्वामीवरून नवी मुंबईला गेले.

वकिलांनी गप्प राहायला सांगितले असेल. दुःख खरेही असेल. पण घरात मयत झाली तर शेजारी काय बोलावे हे न सुचूनही दाराशी येऊन बसतोच ना? मोठमोठ्या शब्दांची कुणी अपेक्षा करत नाही. 'आमच्या आनंदात सामील व्हायला आलात आणि परत गेला नाहीत, हे आम्ही विसरणार नाही' एवढे एक वाक्य दर आठवड्याला लिहिले असते, तरी माझ्या भाच्याची जर्सी कदाचित माळ्यावर गेली नसती.

हे सगळे मी त्याला सोप्या शब्दांत सांगितले. पाळवणकर बाळूंच्या चहाच्या भांड्याची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आत्या, आमच्या टीममध्ये वॉचमनचा मुलगा आहे ना, तो सगळ्यांत फास्ट टाकतो. पण मॅच झाल्यावर सरबत क्लब हाउसमध्ये असतं. तो तिकडे येत नाही. गेटपाशीच थांबतो."

"येत नाही, की बोलवत नाही?" दारात उभ्या असलेल्या वहिनीने विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. पण रविवारी मी निघायच्या गडबडीत असताना तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, आज सरबत खाली ग्राउंडवरच देशील? सगळ्यांना?"

वहिनीने काही न बोलता स्टीलचे बारा पेले काढले आणि त्याच्या हाती दिले.