लाठीआधीची नोटीस

दूधविनायक, ब्रह्माघाट या काशीच्या मराठी वस्तीत अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायचं, तर संविधानाचं कलम 19 नंतर उघडावं. आधी बाबूराव विष्णु पराडकर सांगावेत. काशीत जन्मलेल्या या मराठी माणसाने हिंदी दैनिक ‘आज’ घडवलं. 1930 च्या सत्याग्रहात सरकारने वटहुकूम काढून वृत्तपत्रांकडे जामीनरकमा मागितल्या. ‘आज’ बंद पडलं आणि सायक्लोस्टाइलवर ‘रणभेरी’ गुपचूप निघू लागलं. मुस्कटदाबीला दरवेळी लाठी लागत नाही, पैसे भरण्याची नोटीस पुरते.

ते परकं राज्य होतं, आता संविधान आहे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, पण शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्कही देणाऱ्या त्याच कलम 19 मध्ये वाजवी निर्बंधांचीही सोय आहे. रस्ता अडतो, धंदा बुडतो, ही दुकानदाराची तक्रारही खोटी नव्हे. म्हणूनच तर निर्बंधाला कारण हवं. जुन्या फौजदारी संहितेतल्या जमावबंदीच्या 144 कलमाने रास्त मतप्रदर्शन दडपता येणार नाही, आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अनुराधा भसीन खटल्यात बजावलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम आता 163 आहे. शिक्षकांनो, असा एखादा खरा आदेश वर्गात आणा आणि त्यात कारण कुठे दिलंय, ते मुलांना शोधू द्या.