संगणकाला कोणते पाणी घालाल?
बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून मुले घरीच संगणक जोडतात. त्यातले हौशी नुसत्या पंख्यावर न थांबता तो नळ्यांतून पाणी फिरवून थंड ठेवतात. तयार रंगीत द्रव महाग, म्हणून गाडीचे हिरवे कूलंट ओतण्याचा मोह होतो. तो आवरा. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते, मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून. आणि बंगळुरूचा नीचांक ७.८ अंश, तोही १८८४ सालचा! शिवाय ते चवीला गोड पण विषारी. सांडलेले लहान मुलाने किंवा कुत्र्याने चाटले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

त्यापेक्षा डिस्टिल्ड वॉटर घ्या. स्वस्त आणि पुरेसे. बोअरचे पाणी नको, क्षार साचतात; आरओच्या पाण्यातही थोडे उरतातच. शेवाळे व गंज रोखणारे औषध बाटलीवरील मापानेच घाला. तांब्याच्या भागांबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र जोडू नका, तो झिजत जातो.

पहिल्यांदा भरल्यावर संगणक बंद ठेवून फक्त पंप काही तास चालवा. सांध्यांखाली कागदी रुमाल ठेवले की गळणारा थेंब लगेच दिसतो.