फराळाचे ताट

दिवाळी अंकासाठी ‘काहीतरी हलकेफुलके द्या’ असा संपादकांचा निरोप आला की मी शेजाऱ्यांकडे वळतो. शेजाऱ्यांच्या भांडणाइतका हलकाफुलका विषय दुसरा नाही. अर्थात शेजारी दुसऱ्याचे असले तर!

विनोदी प्रेमकथांमध्ये एक जातच शेजाऱ्यांची आहे. पहिल्या प्रकरणात त्याचा कुत्रा तिची गुलाबाची कुंडी उलथवतो, दुसऱ्यात ती त्याला ‘रानटी’ म्हणते, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत या दोघांचे लग्न होणार हे वाचकाला, मुद्रितशोधकाला आणि त्या कुत्र्यालाही कळून चुकलेले असते. कळत नाही ते फक्त त्या दोघांना. तरीही आपण पुस्तक शेवटपर्यंत वाचतो आणि पुढच्या आठवड्यात वाचनालयातून तसलेच दुसरे घेऊन येतो.

या जातीचा एक झकास नमुना फ्रेंच नाटककार एदमाँ रोस्ताँ याने लिहून ठेवला आहे. त्याचा जगप्रसिद्ध ‘सिरानो’ रंगभूमीवर येण्याच्या तीन वर्षे आधी, 1894 मध्ये, पॅरिसच्या कोमेदी फ्राँसेझमध्ये त्याचे ‘ले रोमानेस्क’ हे नाटक झाले. दोन बागा, मधोमध एक जुनी भिंत, आणि त्या भिंतीवर चोरून भेटणारे पर्सिने आणि सिल्वेत. तेथे बसून तो तिला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ वाचून दाखवतो. कारण यांच्याही वडिलांचे हाडवैर! खरी गोष्ट अशी, की दोघे बाप जिवलग मित्र आहेत. मुलांचे लग्न व्हावे हीच दोघांची इच्छा. पण ‘या मुलीशी लग्न कर’ म्हटले की मुलगा पाठ फिरवणार, हे ओळखून त्यांनी वैराचे सोंग आणले आहे. मग भाड्याने आणलेल्या तलवारबहाद्दराकडून मुलीला पळवून नेण्याचे नाटक होते, मुलगा तिला ‘सोडवतो’, बाप ‘विरघळतात’ आणि भिंत पाडली जाते.

एखाद्या बेताच्या लेखकाने येथेच ‘समाप्त’ लिहिले असते. रोस्ताँची खरी गंमत येथून सुरू होते. भिंत पडल्यावर दोघे बाप रोज समोरासमोर येतात आणि खरेखुरे भांडू लागतात. तलवारबहाद्दराचे बिल मुलांच्या हाती लागते. आपल्या प्रेमाचा जमाखर्च पाहून दोघे संतापतात आणि मुलगा घर सोडून जातो. भिंत पुन्हा बांधायला घेतली जाते. जगाचे टक्केटोणपे खाऊन तो परत येतो, तेव्हा कुठे दोघांना एकमेकांचे मोल कळते. याच कथेवर बेतलेले ‘द फँटास्टिक्स’ हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या एका चिमुकल्या नाट्यगृहात मे 1960 मध्ये लागले, ते 2002 च्या जानेवारीत उतरले. प्रयोग झाले 17,162!

हे नाटक वाचून मी हिला म्हटले, “आपल्याकडे सोंगाची गरज पडली नाही, नाही का?”

गिरगावातल्या आमच्या चाळीत सात आणि आठ नंबरच्या खोल्यांमध्ये अर्ध्या विटेची भिंत होती. सातमध्ये आम्ही, आठमध्ये काकू. 1963 च्या उन्हाळ्यात काकूंच्या ओल्या लुगड्याचे पाणी आईच्या उडदाच्या पापडांवर ठिबकले, आणि त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला. बोलायच्या त्या नळाशी. “काही लोकांच्या बादल्या पहाटे चारपासून लागतात बाई,” असे आई नळाला सांगे. “काहींना झोप प्यारी,” असे काकू त्याच नळाला उत्तर देत.

पण दिवाळीला फराळाचे ताट कधी चुकले नाही. “भांडण माणसांचं, सण देवाचा,” आई म्हणे. ताटावर तिने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि ताट नेणारा मी. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, हा चाळीचा नियम. म्हणून संध्याकाळी तेच ताट भरून आणणारी काकूंची मुलगी. एका वर्षी ती दारातच म्हणाली,

“चकली मऊ पडलीय म्हणे.”

“कुणाची?”

“आमच्याकडे म्हणतात, तुमची. तुमच्याकडे?”

“तुमची.”

आम्ही दोघेही हसलो. पुढचे चतुर वाचकांनी ओळखले असेलच.

1974 मध्ये आमचे लग्न झाले. सासरी यायला नवरीला सहा पावले लागली, तरी काकू रीतीप्रमाणे रडल्या. “एवढं रडायला मुलगी काय विलायतेला चाललीय?” आई म्हणाली. अकरा वर्षांनंतर ती काकूंशी थेट बोललेले हे पहिले वाक्य! भांडण थांबले नाही. फक्त नळाची मध्यस्थी संपली. रोस्ताँच्या भिंतीसारखी आमची भिंत कोणी पाडली नाही. घरमालक तिला चुनासुद्धा लावत नसे, मग पाडणार कोण?

वर्षभरात एकदा सासू-सुनेचे चांगलेच वाजले. शब्दन् शब्द भिंतीपलीकडे गेला असणार. आता काकू येणार आणि पापडांपासून सगळे उकरले जाणार, म्हणून मी धास्तावून बसलो. काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी आपल्या मुलीलाच बाजूला घेतले. “चूक तुझी होती. तिच्याशी मी अकरा वर्षं भांडलेय. ती उगाच आवाज चढवत नाही.”

1996 च्या श्रावणात आई गेली. त्या दिवाळीत आमच्या घरी तळण नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काकू स्वतः ताट घेऊन आल्या. एका हाताने भिंत धरत, तीच सहा पावले. चारचौघांत मला ‘अहो जावईबापू’ म्हणणाऱ्या काकू त्या दिवशी म्हणाल्या, “खा रे. चकली मऊ झालीय यंदा. सांगणारं कुणी नव्हतं.”

ताट रिकामे परत करता येईना आणि घरात फराळाचे काही नव्हते. हिने डबा उघडून ताटात मूठभर साखर घातली, वर आईचा क्रोशाचा रुमाल पसरला आणि म्हणाली, “तुम्हीच न्या. सातातून ताट तुम्हीच नेत होतात.”

काकूंनी रुमाल उचलून साखर पाहिली. बराच वेळ पाहिली.

“एवढीशीच?” त्या म्हणाल्या. “तुझी आई असती तर वाटीभर घातली असती.”