अस्सल चेतक कोणती?

१/३ विजेवरची चेतक २०२० मध्ये आली ती चाकणजवळच्या महाळुंग्यातील बजाजच्या कारखान्यातून. जुन्या चेतकचे माहेर मात्र आकुर्डी. साठच्या दशकात बजाज इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. १९७१ मध्ये परवाना संपला. १९७२ मध्ये चेतक अवतरली.

२/३ म्हणूनच 'व्हेस्पा' ही नाममुद्रा बजाजच्या १९६५ च्या स्कूटरवर अस्सल, तर १९७५ च्या चेतकवर खोटी ठरते. चेतकची घडण व्हेस्पा स्प्रिंटवर बेतलेली. त्यामुळे इटालियन सुटे भाग तिला बसतातही. पण बसणे म्हणजे अस्सल असणे नव्हे.

३/३ परीक्षकाने आधी चासी क्रमांक व निर्मितीवर्ष पाहावे, इटालियन कॅटलॉग नंतर. वर्षानुवर्षे नंबर लावून लोकांनी मिळवली ती आकुर्डीची चेतक. तिला इटालियन साज चढवणे म्हणजे ती प्रतीक्षाही पुसून टाकणे होय.