कॅमेरा ऑन, आई समोर

आईला ‘ते’ कसं सांगायचं, या विषयावर आम्हा गे पोरांच्या गप्पा रात्र-रात्र रंगतात. कुणी म्हणतं पत्र लिही, कुणी म्हणतं आधी ताईला पटव. निशित सरनने सरळ कॅमेरा ऑन केला.

‘समर इन माय व्हेन्स’ ही त्याची १९९९ची डॉक्युमेंटरी. दिल्लीचा हा पोरगा हार्वर्डमध्ये फिल्म शिकला. पदवीदानासाठी घरची मंडळी अमेरिकेत आली, मग सगळ्यांची भटकंती सुरू झाली. वरवर पाहाल तर फॅमिली ट्रिपचा व्हिडिओ! पण शूट करणाऱ्याच्या पोटात दोन गोळे. आपण गे आहोत हे आईला सांगायचंय आणि एचआयव्ही टेस्टचा रिपोर्ट यायचाय.

तो सांगतो. कॅमेरा चालूच असतो.

खरं सांगू? मला तिथे निशितचा थोडा रागच आला. त्याने तयारीला कितीतरी दिवस घेतले असणार, आईला मात्र लेन्ससमोर तेवढा क्षणच. स्वयंपाकघरात जाऊन पदराला डोळे पुसायचीही सोय नाही. पण हातात कॅमेरा नसता, तर ‘उद्या सांगू’ म्हणत त्याने अख्खी ट्रिप संपवली असती, हेही मला पटतं. आम्ही सगळे ‘उद्या’वालेच की!

मी आईला सांगितलं तेव्हा कॅमेरा-बिमेरा काही नव्हता. ती बराच वेळ गप्प होती. मग तिचा पहिला प्रश्न, ‘‘काकांकडे कुणाला माहितीये का रे?’’ आपल्याकडे मुलगा गे निघाला की आईलाही लपून राहावं लागतं. मुलाने एकदा सांगून टाकलं की तो मोकळा. भिशीत, लग्नकार्यात ‘यंदा कर्तव्य आहे का?’ला उत्तर देत बसते ती.

म्हणूनच मला फिल्मनंतरची मिन्ना सरन जास्त भावते. २००२मध्ये ऐन पंचविशीत निशित रस्ता-अपघातात गेला. फिल्मची कॅसेट कपाटात ठेवून ती गप्प बसली असती, तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण २००९मध्ये दिल्ली हायकोर्टाने समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून मोकळं केलं आणि त्या निकालाविरुद्ध काही जण सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा आमच्यासारख्यांचे आईबापही निकालाच्या बाजूने तिथे उभे राहिले. मिन्ना त्यांच्यातलीच एक. २०१३मध्ये हार झाली. २०१८च्या ६ सप्टेंबरला अखेर कोर्टाचं मत बदललं.

या आईबापांच्या अर्जावर पहिलं नाव तिचं आहे. आडनावासकट.