पेटीपुराण

मराठी भाषेत ‘पेटी’ हा शब्द मोठा सोशीक आहे. टपाल टाकायची ती पेटी, मत टाकायची ती पेटी, काड्या ठेवायची ती आगपेटी, आणि सासरी निघालेल्या मुलीच्या पाठोपाठ हमालाच्या डोक्यावरून जायची तीही पेटीच. एवढा बोजा दिवसभर वाहून हा शब्द संध्याकाळी पुन्हा गवयाच्या शेजारी बसून सूर धरायला मोकळा! हार्मोनियमला पेटी म्हणणाऱ्या मराठी माणसाचे मला नेहमी कौतुक वाटते. भाता, सूर, पट्ट्या यांपैकी कशाच्याही नावाने हाक न मारता त्याने सरळ लाकडी खोक्याला मान दिला. आत काय चालते ते आतल्याला ठाऊक. घरातल्या माणसांची ओळख असते ती पेटीशीच.

यंदा दिवाळीच्या आधी आमच्या घरी अशी एक नवी पेटी झाली. नवी म्हणजे बाहेरून नवी. आतली मंडळी जुनीच. तिचीच हकीकत सांगावी म्हणतो.

आमच्याकडे गाणे ऐकण्याची साधने पुष्कळ होती आणि गाणे मात्र ऐकू येईनासे झाले होते. टीव्हीच्या कपाटाच्या खालच्या खणात एकावर एक रचलेले तीन काळे डबे: ॲम्प्लिफायर, रेडिओचा ट्यूनर आणि कॅसेटचा डेक. शेजारी रेकॉर्ड-प्लेअर. मागे वायरींचे असे जंजाळ, की झाडूसुद्धा तिथे जपून जाई. पुढे काळ्यावर पांढऱ्या, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत बटणांची नावे. हे सारे धडधाकट होते. पण लावणार कोण? चिरंजीवांचे गाणे त्यांच्या कानात, कन्येचे तिच्या कानात, सौ.चे कीर्तन स्वयंपाकघरात मोबाईलवर, आणि माझी बैठक फिरायला जाताना टेकडीवर. राहिली आई. तिने सत्तरी ओलांडली आहे, मोतीबिंदू काढून झाला आहे, आणि चकचकीत काचेवर बोट सरकवून काही उघडते यावर तिचा अजून विश्वास नाही.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती आमच्या सौ.च्या. एके रात्री पाने घेताना ती म्हणाली, “आईंनी गाणी लावल्याला किती महिने झाले हो?” आईला विचारले, तर ती हसून म्हणाली, “अरे, तुमच्या त्या डब्यांना तोंडच नाही. हात लावायचा कुठे?”

भाषेचा मास्तर असल्यामुळे मला हे वाक्य जिथे लागायचे तिथे लागले. खरेच, आईच्या लहानपणच्या रेडिओला तोंड होते. कापडी जाळीमागून आवाज येई, काचेच्या पट्टीवर गावांची नावे असत, खाली दोन जाड चकत्या. भारीतल्या सेटला तर एक हिरवा डोळा असे. केंद्र नेमके लागले की त्याची पापणी मिटल्यासारखी व्हायची. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून पुढे वर्षभर माडगूळकर-फडक्यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते तिथून आठवड्याला एक अशी वाजली. आई तेव्हा पाच वर्षांची. रेडिओ वाड्याच्या मालकांचा. ते तो खिडकीत ठेवीत आणि सारा वाडा अंगणात जमे. गाण्यांपेक्षाही तिला आठवते ती खिडकीतली लाकडी पेटी, कारण साऱ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले असत. आवाज कुठून येतो हे ठाऊक असले म्हणजे कुठे बसायचे हेही ठाऊक असते.

तेव्हा ठरले, की आमच्या डब्यांना तोंड द्यायचे.

चिरंजीवांनी ताबडतोब उपाय सुचवला. माळ्यावर आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्याची आतडी काढून टाकावी आणि नवे यंत्र बसवावे. हल्ली अशी कामे पुष्कळ ठिकाणी होतात आणि दिसतातही छान. पण तपकीर गल्लीत ज्यांच्याकडे मी सल्ल्याला गेलो, त्या मेकॅनिकांनी मान हलवली. म्हणाले, “साहेब, हा सेट अजून दुरुस्त होईल. जिवंत आहे तोवर पोट फाडू नका. आणि घरी कुणाला उघडू देऊ नका. यात अडीचशे व्होल्टच्या वर खेळतात. बटण बंद केले तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून असते.” आजोबांचा रेडिओ बचावला. मात्र काळ्या पत्र्याच्या डब्यांविषयी त्यांना काडीची माया नव्हती. “हे कवच काढा खुशाल,” ते म्हणाले, “यांना कवच असते, चेहरा नसतो.”

लाकूड घरात होते. आमचा जुना वाडा पाडायला दिला तेव्हा माजघराच्या दाराच्या दोन सागवानी फळ्या आईने हट्टाने आणवल्या होत्या. इतकी वर्षे त्या पलंगाखाली पडून. आमच्या मिस्त्रींनी फळी उलटीपालटी केली, तिच्यावरून लोहचुंबक फिरवले (जुन्या लाकडातला मोडका खिळा रंध्याचे पाते खातो) आणि एका कोपऱ्यावर रंधा मारून पाहिला. वरचा काळा थर निघाला आणि आत मधासारखा रंग उघडला, तेलकट वास सुटला. सागाच्या अंगचे हे तेलच त्याला वाळवीपासून आणि पाण्यापासून जपते. “सर, असे वाळलेले लाकूड आता मिळत नाही,” ते म्हणाले. “पण वाळले तरी ते पावसाळ्यात फुगणारच. लांबीत नाही हलणार, रुंदीत हलेल.” म्हणून त्यांनी फळी चौकटीत चिकटवली नाही, चौकटीला आतून खोबण पाडून फळी तीत नुसती सरकवली आणि बाजूंना थोडी फट सोडली. चौकटीत राहूनही अंग हलवायला जागा असावी, हे शहाणपण कुटुंबालाही लागू पडते. पण तो विषय वेगळा.

लाऊडस्पीकरच्या दोन जोडपेट्यांच्या वेळी मात्र मला एक गोष्ट कळली, ती चाळीस वर्षे गाणे ऐकून कळली नव्हती. मेकॅनिकांनी उघडा लाऊडस्पीकर टेबलावर ठेवून वाजवला. आवाज पिचका, तबल्याचा डग्गा जणू घरीच विसरलेला. मग त्यांनी भोक पाडलेली एक मोठी फळी त्याच्यापुढे धरली, आणि डग्गा हजर! कारण साधे आहे. कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लाटा कडेने एकमेकींना भेटतात आणि खालचे सूर एकमेकींना खाऊन टाकतात. पेटीचे काम म्हणजे या दोघींची भेट होऊ न देणे.

गंमत पुढेच आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतात, तबलीसाठी तूण लाकूड तासतात, ते का? तर तारेबरोबर त्यांनीही बोलावे म्हणून. स्पीकरच्या पेटीचा धर्म नेमका उलटा. तिच्या भिंती बोलू लागल्या तर भीमसेन जोशींच्या गाण्यात आपले प्लायवूडही गाऊ लागेल. म्हणून भिंती जाड, आत आडवा टेकू, आणि पोटात लोकरीचे तुकडे. मिस्त्री दर थोड्या वेळाने बोटाच्या पेराने ठोकून बघत. खणखणले की नापसंत, ठप्प आवाज आला की खूश. वाद्याच्या लाकडाने गावे आणि रेडिओच्या लाकडाने ऐकावे, असा हा विभाग आहे. या पेट्यांना हवाबंद राहायचे असल्याने तिथे सागाची सरकती फळी चालत नाही; प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला.

मुख्य पेटीवर मिस्त्री आणि मेकॅनिक यांचे जे युद्ध झाले, ते मी मधे बसून पाहिले. मिस्त्रींना फळी पाऊण इंच जाड हवी. चकतीच्या मागच्या पोटेन्शिओमीटरची मान इतकी आखूड, की ती पाऊण इंच लाकडातून बाहेर डोके काढीना. शेवटी तडजोड अशी निघाली, की फळीच्या मागे ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर सारी बटणे, आणि तिथून लाकडातून बाहेर येणाऱ्या लांब दांड्या. त्या पत्र्याला अर्थिंगही दिले. लाकूड कितीही देखणे असले तरी विजेच्या तारांची सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची घूं-घूं त्याला अडवता येत नाही. ते काम धातूचेच. याच्या उलट फोनवरून येणाऱ्या ब्लूटूथच्या लहरी धातू अडवतो आणि लाकूड सुखाने आत घेते; म्हणून तेवढा एक तुकडा पत्र्याच्या बाहेर, लाकडाच्या कुशीत. मिस्त्रींना भोके नको होती, मेकॅनिकांना हवी होती. गरम हवा वर जाते, तेव्हा तळाला भोके आणि माथ्यामागे भोके पडली. रेकॉर्ड-प्लेअरला मात्र पेटीवर जागा मिळाली नाही. त्याच्या सुईतून येतात व्होल्टचे काही सहस्रांश; तिला ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आणि स्पीकरचा हादरा दोन्ही सोसत नाहीत. तो भिंतीवरच्या स्वतंत्र फळीवर गेला.

आता माझा अधिकार सुरू झाला: नावांचा. अक्षरे देवनागरी, बोटभर मोठी आणि कोरलेली, म्हणजे दिसली नाहीत तर चाचपता येतील. मी उत्साहाने यादी केली: नभोवाणी, ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत, तारता, मंद्रता. आईने यादी वाचायला लावली आणि विचारले, “हे कोण वाजवणार आहे? तुझे विद्यार्थी?” तिचे म्हणणे बरोबर होते. म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली काढलेल्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाने घेतले, आपण ‘नभोवाणी’ही चालवून पाहिली, पण घरात सारे जण एकमेकांना सांगत आले ते ‘रेडिओ लाव’ असेच. शेवटी फळीवर कोरले गेले ते आईचे शब्द: रेडिओ, तबकडी, कॅसेट, फोन. मोठ्या चकतीवर ‘आवाज’. आणि ज्या दोन चकत्यांसाठी मी मंद्र आणि तार शोधत होतो, त्यांवर ‘जाडा’ आणि ‘बारीक’. पारिभाषिक संज्ञांच्या समितीत ती असती तर कोश लवकर पुरा झाला असता.

शेवटचा हात पॉलिशचा. मिस्त्रींनी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने फळीवर थरावर थर दिले. चपडा म्हणजे लाख. पळस, कुसुंब, बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी करतात ती. आणि आजोबांच्या ट्रंकेत ज्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या काळ्या तबकड्या आहेत, त्यांतली दगडाची भुकटी बांधून धरली आहे तीही लाखेनेच. एकाच किड्याने गाणेही धरून ठेवले आणि पेटीलाही चकाकी दिली, हे ऐकून आई म्हणाली, “मग त्याचे नाव नाही कोरलेस कुठे?”

खर्च विचाराल, तर दुकानातला तयार सेट याहून स्वस्त पडला असता, आणि दिसायलाही सडसडीत मिळाला असता. पण त्याची किल्ली एकाच्याच फोनमध्ये राहिली असती. फोन ज्याचा त्याचा असतो. चकती मात्र कुणाची नसते. जो उठेल त्याची. सकाळी पोळ्यांच्या वेळी ‘आवाज’ ही चकती आता आईच फिरवते, आणि कुणालाही न विचारता फिरवते, हे मला त्या सागवानापेक्षा मोलाचे वाटते.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही कपाटातून असे काळे डबे निघतील. ते भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी एवढेच पाहा, की घरात गाणे लावायचे कुणी सोडून तर दिलेले नाही ना. विजेचे काम जाणत्याकडून करून घ्या, लाकडाचे मिस्त्रींकडून; नावे मात्र घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून कोरा.

आणि एक धोका आधीच सांगून ठेवतो. घरात पुन्हा भांडणे सुरू होतील. आमच्याकडे पहिल्याच रविवारी आईला नाट्यगीते हवी होती, कन्येला तिचे कुठले तरी ढोल-ताशांचे, सौ.ला बातम्या. दहा मिनिटे चकती इकडून तिकडे फिरत होती. चौघांच्या चार फोनांनी हे भांडण आमच्या घरातून केव्हाच हद्दपार केले होते. ते परत आले, आणि खरे सांगायचे तर त्या दहा मिनिटांत दिवाणखान्यात सगळेजण हजर होते.